सहावीचा मुका तास

शाळेतल्या ग्रंथपाल बाईंना मुलं खळबाई म्हणत. मैदा पाण्यात ढवळून शिजवलेली पातळ खळ त्यांच्या टेबलाच्या खणात, घट्ट झाकणाच्या डब्यात, कायम तयार असे. फाटलेलं पान, सुटलेली शिवण, उखडलेला पुठ्ठा, सगळ्यावर एकच औषध. त्यामुळे उजव्या हाताची दोन बोटं बारा महिने खरखरीत. मुलांचं ऐकून शिक्षकही पाठीमागे तेच नाव घेत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. “नाव ठेवायचंच होतं, तर निदान कामावरून ठेवलंय, तोंडावरून नाही,” एवढंच त्या म्हणत.

ग्रंथालय म्हणजे तळमजल्यावरची शेवटची खोली. एका बाजूला पिण्याच्या पाण्याचे नळ, दुसऱ्या बाजूला मोडक्या बाकांची अडगळ. भिंतींना लागून जाडजूड पुस्तकांच्या मांडण्या, आणि मधोमध एक लाकडी कपाट, त्यात फक्त चित्रांची पुस्तकं. कपाटाशेजारी लांब टेबल. त्यावर बुटांची रिकामी खोकी, लोकरीची टोकं, सुटी बटणं, चिंध्या. गोष्ट झाली की मुलं तिच्यातलं काहीबाही तिथे बनवत. पूल बनवत, जहाज बनवत, एकाने तर पाच पायांचा घोडा बनवला होता. पाचवा पाय कशाला, असं बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “एखादा थकला तर?” बाईंनी पाचव्या पायाला आणखी थोडी खळ लावून दिली.

पण बाईंचा खरा जीव होता तो मुक्या तासात. हा तास त्यांनी स्वतः शोधून काढला होता. चित्रांच्या पुस्तकातली सगळी अक्षरं त्या पांढऱ्या कागदी पट्ट्यांनी झाकून टाकत. उरत ती नुसती चित्रं. मग मुलांनी चित्रं बघायची आणि गोष्ट सांगायची. आठवडाभर असं सांगून झालं की बाई ओल्या फडक्याने पट्ट्या सोडवत, कारण गुळगुळीत पानावरून खळ अलगद निघते. मग मुलं छापलेली गोष्ट वाचत आणि लेखकाला नावं ठेवत. “याच्यापेक्षा माझी भारी होती,” असं एक तरी पोर म्हणे, आणि त्या दिवशी बाईंना घरी जाताना चप्पल हलकी वाटे.

नियम एकच होता. पट्टीवर लिहायचं नाही. पुस्तकावर पेन टेकवलेलं बाईंना चालत नसे. पोटच्या पोराला कोणी चिमटा काढावा तसं त्यांना होई.

आणि नेमका त्यांच्याच हातून पुस्तकांचा घात झाला.

त्याचं मूळ घरात होतं. नवरा गेल्यापासून बाई आणि त्यांची नणंद अशा दोघीच राहत. नणंद इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. बाई तिला वन्सं म्हणत आणि ती बाईंना वहिनी. दर रविवारी खळ शिजवायची ती वन्संनी, असा रिवाज पडला होता. त्या रविवारी बाईंनी डब्यात बोट घालून बघितलं आणि बोलून गेल्या, “वन्सं, गुठळ्या राहिल्यात हो.”

वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला. “जन्मभर लोकांना सुया टोचल्या, एकाने म्हटलं नाही की दुखलं. आणि तुम्ही मला खळ शिकवता? करा मग तुमची तुम्ही!”

“करेन की!” बाई म्हणाल्या.

पण केली नाही. स्वतः ढवळत बसलं असतं तर वन्संनी दारातून बघितलं असतं, आणि बाईंच्या खळीतही गुठळ्या झाल्या असत्या, हे बाईंना पक्कं माहीत होतं. त्यापेक्षा सोपा उपाय त्यांनी शाळेत शोधला. मांडणी दुरुस्त करायला आलेला सुतार लाकूड चिकटवायच्या पांढऱ्या गमचा अर्धा डबा विसरून गेला होता. दिसायला अगदी खळीसारखाच, आणि गुठळी औषधालासुद्धा नाही. सोमवारी बाईंनी सहावीच्या मुक्या तासासाठी कपाटातली सगळी पुस्तकं त्याच गमने झाकली. आयुष्यभर कागदाशी खेळलेली बाई! गम आणि खळ यांतला फरक त्यांना झोपेतसुद्धा कळला असता. पण रागात माणसाला झोपेइतकीही शुद्ध नसते.

आठवड्याने बाईंनी फडकं ओलं करून पानावर फिरवलं. पट्टी हलेना. नखाने उचकटली तर खालचं पान अक्षरांसकट निघून हातात आलं. त्यांनी दुसरं पुस्तक बघितलं, तिसरं बघितलं, मग फडकं टेबलावर ठेवलं आणि बाकावर बसून राहिल्या. कपाटातलं एकूण एक पुस्तक कायमचं मुकं झालं होतं.

संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं. वन्संनी चहाचा कप बाईंच्या पुढ्यात सरकवला आणि मग म्हणाल्या, “माझी गुठळ्यांची होती, पण निघत तरी होती.”

“बोला, बोला. आज तुमचाच दिवस आहे.”

“आता काय करणार?”

“सांगणार. माझ्याच तोंडाने सांगणार. दुसऱ्याने सांगायच्या आधी.”

दुसऱ्या दिवशी बाई आपणहून मुख्याध्यापकांकडे गेल्या. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. माणूस वाईट नव्हता. गणित शिकवत असत तेव्हा मुलांना आवडत असत. पण खुर्चीवर बसल्यापासून त्यांना प्रत्येक गोष्टीचा निकाल आकड्यांत लागला पाहिजे, असं वाटू लागलं होतं. शहरातल्या शाळांची वाचनाची परीक्षा झाली आणि आपली शाळा मधेच कुठेतरी लटकली, तेव्हापासून त्यांचा डोळा ग्रंथालयाच्या खोलीवर होता. तिथे सराव परीक्षा घ्यायच्या, लांब टेबलावरची खोकी रद्दीत घालायची आणि चित्रांची पुस्तकं शिशुवर्गाला द्यायची, असा त्यांचा बेत. त्यात पालकसंघाच्या अध्यक्षांनी भर घातली होती. त्यांची मुलगी सहावीत. ‘सहावीतली मुलगी बदकांची चित्रं घरी आणते आणि बटणं शोधत फिरते, ही शाळा आहे की पाळणाघर?’ अशी त्यांची लेखी तक्रार आली होती.

बाईंनी गमची हकीगत सांगितली. सरांनी ती शांतपणे ऐकली, आणि बाईंच्या लक्षात आलं, सरांना वाईट वाटलेलं नाही. घरचं झालं थोडं, असं म्हणायची पाळी बाईंवर आली होती, आणि सरांना मात्र आयतं कोलीत मिळालं होतं.

“बाई, शाळेच्या मालमत्तेचं नुकसान झालंय,” ते म्हणाले. “चौकशी लागली तर नोकरीवर येईल. मला ते नको आहे. तुमची निवृत्ती जवळ आलीय. मी एक निवेदन लिहून देतो. शुक्रवारी पालकसंघाची सभा आहे. तिथे सही करा, विषय संपला.”

निवेदन एका पानाचं होतं आणि त्यात तीन वाक्यं होती. पुस्तकांचं नुकसान माझ्या निष्काळजीपणामुळे झालं. चित्रांची पुस्तकं आणि हस्तकलेचे उद्योग मोठ्या मुलांच्या काही कामाचे नाहीत, हे ठाऊक असूनही मी ते हौसेखातर चालू ठेवले. ते बंद करावेत, अशी माझीच विनंती आहे.

“पहिल्यावर आत्ता सही करते,” बाई म्हणाल्या. “पुढची दोन कोणाची आहेत?”

“तिन्ही एकत्र आहेत, बाई. शुक्रवारपर्यंत विचार करा.”

घरी वन्संनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. त्यांच्या तुटपुंज्या पेन्शनवर दोघींचं घर चालणार नव्हतं, हे दोघींना माहीत होतं.

“वहिनी, कराल सही?”

“केली तर नोकरी राहील.”

“मी ते नाही विचारलं.”

“गमची चूक माझी, वन्सं. पुस्तकांची नाही. त्या चुकीच्या आडून पुस्तकं नाही बंद करू देणार मी कोणाला.”

“मग झोपा,” वन्सं म्हणाल्या. “आणि उद्या जाताना डबा न्या. खळ केलीय. गाळून घेतलीय या वेळेला.”

गुरुवारी सहावीचा तास होता. मुलांना काय झालं ते बाईंनी सरळ सांगून टाकलं. छापलेली गोष्ट आता कधीच दिसणार नाही, असंही सांगितलं. मग मागून एक हात वर आला. ही मुलगी उंच, किडकिडीत आणि सदानकदा काहीतरी खरडत असलेली, म्हणून वर्गाने तिला पेन्सिल हे नाव ठेवलं होतं. ती अध्यक्षांची मुलगी.

“बाई, पट्ट्या निघणारच नाहीत, तर मग त्याच्यावर लिहायचं नाही, हा नियम कशाला?”

पुस्तकावर पेन! इतक्या वर्षांत बाईंनी किती पोरांच्या हातातून पेनं काढून घेतली होती. पण कपाटभर पुस्तकं तोंडावर पट्टी मारून बसली होती, आणि उद्या सही झाली तर या पोरांच्या तोंडावरही तेच. बाईंना एकदम राग आला. सरांचा आला, गमचा आला, स्वतःचा तर फारच आला.

“कशालाच नाही,” त्या म्हणाल्या. “लिहा. शाईने लिहा. खोडता येणार नाही, म्हणून आधी विचार करा आणि मग लिहा.”

त्या तासाला खोलीत जी शांतता पडली ती परीक्षेतसुद्धा पडत नाही. घंटा झाली तरी कोणी उठेना. पुढच्या तासाच्या शिक्षकांनी दारातून डोकावून बघितलं आणि का कोण जाणे, ते तसेच परत गेले. पेन्सिलने लाल बसचं पुस्तक घेतलं होतं. चढावर बंद पडलेली एक लाल बस, खाली उतरून ती ढकलणारे प्रवासी, आणि आत आरामात बसलेला ड्रायव्हर, अशी त्यात चित्रं होती. संध्याकाळी कपाट लावताना बाईंनी ते उभ्याउभ्या वाचलं. मग बसून वाचलं. आणि ते इतर पुस्तकांमध्ये अगदी आत सरकवून ठेवलं.

शुक्रवारची सभा ग्रंथालयातच भरली. मुलांच्या बुटक्या बाकांवर पालक गुडघे हनुवटीला लावून बसले. मोठे सर उभे होते. अध्यक्ष टेबलाच्या टोकाला, खोक्यांपासून जरा अंतर राखून. ते विमा कार्यालयात अधिकारी होते आणि कपडे कायम कडक इस्त्रीचे. बाई आपल्या जागेवर. समोर निवेदन आणि पेन.

सरांनी पुरावा म्हणून कपाट उघडलं, आणि हात घालून मिळेल तो गठ्ठा काढला. सरकवून ठेवलेलं पुस्तक नेमकं त्या गठ्ठ्यात आलं. सरांनी वरचंच एक उघडलं आणि त्यांच्या भुवया चढल्या.

“हे काय? पट्ट्यांवर लिहिलंय? बाई, आधीचं नुकसान कमी होतं का?”

“बघू,” म्हणून अध्यक्षांनी हात पुढे केला, गठ्ठ्यातलं लाल बसचं पुस्तक उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागले. त्यांना वाटलं, पोरकटपणाचा यापेक्षा चांगला नमुना मिळायचा नाही.

“‘ही आमची बस. बाहेरून सगळे म्हणतात, किती छान. आतून कशी आहे ते आम्हालाच माहीत.’” अध्यक्षांनी पान उलटलं. “‘चढावर बस बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, बस चांगली आहे, तुम्हीच जड झालात. मग आम्ही खाली उतरून ढकलायला लागलो. एक छोटा मुलगा नुसता घूंऽ असा आवाज करतो. त्याला वाटतं त्याच्यामुळेच बस चालते.’”

बाकांवर हशा पिकला. अध्यक्षसुद्धा हसले. त्यांचा आवाज चांगला होता, आणि आता तो रंगातही आला होता.

“‘ड्रायव्हर आत बसून विचारतो, किती टक्के ढकललं? मी म्हणते, ब्याऐंशी. तो म्हणतो, मग बाकीचे अठरा कुठे गेले?’ वा! म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा आहे बेटा!”

आता सगळे खळखळून हसत होते. कोणीतरी म्हणालं, “आमच्या साहेबांचा भाऊ दिसतोय.” बाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत होत्या. पोटच्या पोरीचं अक्षर त्या माणसाच्या नाकासमोर होतं, आणि त्याला ओळख पटत नव्हती. तिच्या सगळ्या गुणपत्रिका त्याने पाहिल्या असतील, एकेक आकडा पाठ असेल. पण तिने काढलेला ‘ळ’ त्याने कधी पाहिला नव्हता.

अध्यक्षांनी शेवटचं पान उलटलं. “‘एकदा मी दमले आणि ढकलायचं थांबवलं. बस मागे यायला लागली. तेव्हा ड्रायव्हरने पहिल्यांदा मागे वळून माझ्याकडे बघितलं.’”

हसणं थांबलं. एका बाकावरच्या आईने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. अध्यक्ष पुढचं पान शोधत राहिले, पण पुढे नुसता पुठ्ठा होता. त्यांना आपण कशाने चिडलोय ते कळेना, म्हणून ते जास्तच चिडले.

“हे शिकवता तुम्ही मुलांना? मोठ्यांची टिंगल करायला? कोणाचं कार्टं आहे हे? त्याच्या आईबापांना आत्ताच्या आत्ता बोलवा!”

“नाव सांगा, बाई,” मोठे सर म्हणाले.

खरं तर त्या क्षणी बाजी बाईंच्या हातात होती. ‘तुमचंच,’ एवढा एक शब्द उच्चारला असता, तर भरसभेत अध्यक्षांची छी थू झाली असती, तक्रार तिथल्या तिथे बारगळली असती आणि निवेदनाची होडी करून पोरांनी नळाखाली सोडली असती. शब्द अगदी बाईंच्या जिभेवर आला. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर संध्याकाळचं एक जेवणाचं टेबल आलं, ज्याच्या एका बाजूला हा माणूस बसलेला असेल आणि दुसऱ्या बाजूला ती किडकिडीत पोर.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “सांगणार नाही.”

“म्हणजे?” सरांना खरंच कळलं नाही.

“म्हणजे सांगणार नाही, सर. ग्रंथालयात येऊन कोण काय वाचतं आणि काय लिहितं, ते मी कोणाला सांगत नाही. लिहायची परवानगी मी दिली. बोल लावायचा तर मला लावा.”

“तुम्ही तुमच्या पायावर धोंडा मारून घेताय.”

“पाय माझेच आहेत.”

मग त्यांनी पेन उचललं. सरांचा चेहरा क्षणभर सैल झाला. बाईंनी निवेदनातलं दुसरं वाक्य आडव्या रेघेने खोडलं. तिसरंही खोडलं. पहिल्या वाक्याच्या खाली, अगदी चिकटून, ठसठशीत सही केली आणि पान सरांकडे सरकवलं.

“हे खरं आहे, म्हणून यावर सही. बाकीचं खरं नाही.”

सरांचे कान लाल झाले. चौकशी लागेल, म्हणाले. ती संपेपर्यंत हे कपाट उघडायचं नाही, हा आदेश समजा, असंही म्हणाले. अध्यक्षांनी मान डोलावली, बसचं पुस्तक काखेत मारलं आणि “हे मी पुरावा म्हणून घेऊन जातो,” असं म्हणत उठले.

“न्या की,” बाई म्हणाल्या. “फक्त कार्डावर सही करा. ग्रंथालयाचं पुस्तक आहे. सात दिवसांत परत आणायचं, पानं दुमडायची नाहीत.”

भर सभेत त्या माणसाने सही केली. दुसरं काय करणार? नियम नियम असतो, हे वाक्य त्याच्याच तोंडी कायम असे.

पुढचे दिवस वाईट गेले. चौकशीचं पत्र आलं. शिक्षकांच्या खोलीत बाई शिरल्या की बोलणं थांबे आणि जो तो वह्या तपासायला लागे. सहावीचे तास कपाट बंद ठेवून गेले, आणि मुलं त्या बंद दारांकडे बघत बसली. घरी वन्सं जास्तीची पोळी वाढत आणि विचारत नसत. एकदाच म्हणाल्या, “सांगितलं असतंत नाव तर?” आणि स्वतःच उत्तर देऊन टाकलं, “नाही, ते नसतंच जमलं तुम्हाला.”

सातव्या दिवशी मधल्या सुट्टीत अध्यक्ष आले. एकटेच. पुस्तक टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही.

“बसा,” बाई म्हणाल्या.

ते बुटक्या बाकावर बसले. “घरी टेबलावर ठेवलं होतं मी हे. ती म्हणाली, बाबा, वाचलंत? मी म्हटलं, हो, कोण उद्धट कार्टं आहे कोणास ठाऊक. ती म्हणाली, मी आहे.”

“मग?”

“मग काही नाही. जेवलो. कोणीच बोललं नाही.” त्यांनी मान वर केली. “तुम्हाला तेव्हा माहीत होतं.”

“होतं.”

“मग सांगितलं का नाहीत? माझं तोंड बंद झालं असतं. सगळ्यांसमोर.”

“तुमचं तोंड बंद करून मला काय करायचंय?” बाईंचा आवाज चढला. आठवडाभर गिळलेलं सगळं आता वर आलं. “तिचं उघडं राहावं म्हणून मी इथे बसते. नाव सांगितलं असतं तर परत तिने एक ओळ लिहिली नसती. इतकी साधी गोष्ट आहे ही, आणि तुम्ही शिकलेली माणसं तिच्याच विरुद्ध तक्रार लिहून पाठवता!”

अध्यक्षांनी मान खाली घातली. ते पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग सवयीने त्यांच्यातला अधिकारी जागा झाला.

“मी सरांशी बोलतो. मधला मार्ग काढू. चित्रांची पुस्तकं चौथीपर्यंत ठेवा. त्यापुढे नको. चौकशी मागे घ्यायला लावतो.”

मधला मार्ग! नोकरी हातात परत येत होती. वन्संची पेन्शन, घराचं भाडं, निवृत्तीची जवळ आलेली तारीख, सगळं एका होकारावर सुटत होतं. बाईंना मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. चांगला झाला. त्यांनी बंद कपाटाकडे बघितलं आणि मग समोरच्या माणसाकडे.

“तुमची सहावीत आहे ना?” त्या म्हणाल्या. “म्हणजे चौथीपर्यंत ठेवायची आणि तिच्या नाकासमोर दार लावायचं. नाही. सहावीला मिळतील, आठवीला मिळतील, आणि तुम्ही मागितलीत तर तुम्हालाही मिळतील. नाहीतर मी घरी जाते.”

“तुमची नोकरी जाईल.”

“मग जाऊ दे. पण मी माझ्या हाताने दार लावणार नाही.”

घंटा झाली. नळापाशी गलका उठला आणि बुटांचे आवाज दाराशी आले. सहावीचा तास होता. सगळ्यात पुढे पेन्सिल होती. आत बाबा बसलेले बघून ती उंबऱ्यावरच थबकली, आणि मागचा सगळा वर्ग तिच्या पाठीवर येऊन आदळला. अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलं. उठले नाहीत. बाकावर थोडे बाजूला सरकले, एका माणसाची जागा होईल इतके.

बाई उठल्या, खणातून किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

गलका ऐकून मोठे सर आले होते. मुलांच्या डोक्यांवरून त्यांना उघडं कपाट दिसलं, आणि ते मुलांना सारत दारात येऊन उभे राहिले. “बाई! चौकशी संपेपर्यंत हे उघडायचं नाही, असा आदेश आहे. याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?”

“माहीत आहेत,” बाई म्हणाल्या. पुस्तकांचा पहिला गठ्ठा त्यांच्या हातात होता. “जे काय करायचं ते लिहून पाठवा, मी उत्तर देईन. पण सर, तुम्ही असे दारात उभे राहिलात तर मुलं आत कशी येणार? आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा.”

सरांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष काहीच बोलले नाहीत. सर एक पाऊल मागे सरले, आणि सहावीचा वर्ग त्यांच्या बाजूने आत शिरला.